दोन चकरा आणि एक चक्कर

खानदेशात ‘हलका व्यायाम’ म्हणून जे काही चालतं, त्याची व्याख्या वैद्यकाच्या एकाही पुस्तकात सापडायची नाही. जळगावात ती बघायची असेल तर पहाटे मेहरूण तलावावर जावं. तलावाच्या काठाने चालायचं. जाताना कापसाचा भाव, येताना केळीचा भाव. मग दोन्ही हात वर नेऊन सोडून द्यायचे, कमरेवर हात ठेवून मुंडी गोल फिरवायची, तळहात लाल होईतो टाळ्या वाजवायच्या, आणि शेजारी हास्यक्लबवाले हसत असतील तर त्यांच्याकडे अत्यंत गंभीरपणे बघत राहायचं. झाला व्यायाम. यात खर्च झालेले उष्मांक परतीच्या वाटेवर कचोरीच्या गाडीवर व्याजासकट वसूल होतात. धुळ्यात पांझरेच्या काठी हाच कार्यक्रम चालतो. फरक एवढाच की धुळेकर चालताना फारसा बोलत नाही. वाद घालायचा असला तर तो थांबून, समोरच्याचा दंड धरून, नीट घालतो.

आणि हा व्यायाम संपल्यावर, म्हणजे सगळं पार पडल्यावर, माणसाचा तोल जातो. चालताना नाही, दमल्यावर नाही, थांबल्यावर. लोकांना हे फार अन्यायाचं वाटतं. डोंगर चढून कोणी पडला तर समजू शकतं. मनुदेवीच्या यात्रेत कोणाला भोवळ आली तर आपण गर्दीला बोल लावतो. पण दोन चकरा मारून, टाळ्या वाजवून, लिंबाच्या झाडाखाली शांतपणे सरकारवर टीका करत उभा असलेला माणूस अचानक बाजूला कलतो, हे कोणाच्याच पचनी पडत नाही.

आमचे आप्पा असेच कलले. मे महिना होता. जळगावचा मे, म्हणजे दिवसा पारा पंचेचाळिशीकडे आणि रात्रीसुद्धा भिंती तव्यासारख्या. आप्पा निवृत्त, उंचेपुरे, बोलायला लागले की दोन्ही हात हवेत. कपाशीच्या बियाण्यावर ते तावातावाने बोलत होते, वाक्य अर्धवट सुटलं, डोळे कुठेतरी लांब गेले, आणि त्यांनी समोरच्याच्या खांद्याऐवजी हवा पकडली. शेजारच्याने वेळेवर धरलं म्हणून गुडघा फुटला नाही.

एरवी तळ्यावर वेळ विचारली तर कोणी सांगत नाही. त्या मिनिटाला आठ जणांनी आठ निदानं सांगितली.

“पित्त आहे भो, रात्री शेवभाजी खाल्ली असेल.”

“बीपी लो झालं. मीठ-साखरेचं पाणी द्या.”

“मीठ देऊ नका! बीपी हाय झालं असेल तर?”

“शुगर. शुगरच. माझ्या मेव्हण्याला असंच झालं होतं.”

कांदा फोडून हुंगवा म्हणणारे एक निघाले. सकाळी सहा वाजता तळ्यावर कांदा कुठून आणायचा यावर वेगळी चर्चा झाली. एक जण मनगटावरचं घड्याळ बघून म्हणाले, “घाबरू नका, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव आहे.” घड्याळ त्यांच्या स्वतःच्या हातावर होतं. आणि मागून एक खोल, अनुभवी आवाज आला, “गॅस.” गॅस म्हटलं की आपल्याकडे चर्चा संपते. खानदेशात गुडघेदुखीपासून सुनेच्या अबोल्यापर्यंत सगळ्याच्या मुळाशी शेवटी गॅसच सापडतो.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र सगळ्यांनी एकमताने केली, आणि नेमकी तीच चुकीची होती. आप्पा खाली बसायला बघत होते आणि चौघांनी त्यांना काखेत हात घालून ताठ उभं केलं. “उभे राहा आप्पा, उभे राहा, काही नाही झालं.” पडलेल्या माणसाला उभं केल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. वास्तविक भोवळ येऊन आडवं होणं हा शरीराने स्वतःच काढलेला तोडगा आहे. माणूस आडवा झाला की डोकं हृदयाच्या पातळीला येतं आणि रक्ताला चढ चढावा लागत नाही. करायचं असेल तर एवढंच करावं: सावलीत निजवावं, पाय थोडे उचलून धरावेत आणि कृपा करून गप्प बसावं. शेवटचं पथ्य पाळणं सगळ्यात अवघड.

आता आप्पांच्या शरीरात काय चाललं होतं ते बघू, कारण तिथे गॅसपेक्षा जास्त मजा आहे. चालताना पोटऱ्यांचे स्नायू दर पावलागणिक आवळतात आणि पायांतल्या शिरांमधलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात. पोटऱ्या म्हणजे शरीराचं दुसरं हृदय, असं डॉक्टर म्हणतात ते यासाठी. शिवाय व्यायामाने पायांतल्या रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात. उन्हाळ्यात अंग थंड ठेवायला रक्ताचा आणखी एक वाटा कातडीकडे वळलेला असतो. असं सगळं सुरू असताना आप्पा एकदम थांबले आणि बियाण्यावर बोलायला लागले. ढकलणारं यंत्र बंद, पण रक्तवाहिन्या अजून सताड उघड्या. रक्त पायांतच रेंगाळलं, मेंदूला काही क्षण वाटा कमी पडला, आणि मेंदूने निषेध नोंदवला. धावणारे खेळाडू शर्यत संपल्यावरही चालत राहतात ते शोभेसाठी नव्हे.

त्यात आप्पांची स्वतःची काही व्यवस्था होती. रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर ते पाणी पीत नाहीत. सकाळी साडेपाचला अर्ध्या कप चहाबरोबर सगळ्या गोळ्या एकदम घेतात, ‘एकदाचं आटपलं’ म्हणून. त्यांत एक रक्तदाबाची, एक लघवी वाढवून अंगातलं पाणी कमी करणारी आणि एक प्रोस्टेटची. ही तिसरी फार साळसूद. ती घेतात लघवीच्या वाटेसाठी, पण तिच्या जातीतल्या काही गोळ्या जाता जाता रक्तवाहिन्याही सैल करतात. म्हणजे माणूस घरातून निघतानाच अर्धा कोरडा, वरून तीन बाजूंनी सैल केलेला, आणि बाहेर जळगावचा मे महिना. अशा स्थितीत तोल जाणं हे आश्चर्य नव्हे. इतके दिवस गेला नव्हता हे आश्चर्य.

शुगर म्हणणाऱ्याचंही सगळंच चुकत नाही. मधुमेहाची काही औषधं आणि इन्शुलिन घेऊन उपाशीपोटी चालणाऱ्याची साखर सत्तरच्या खाली घसरू शकते. मग घाम, थरथर, भूक, चिडचिड आणि पाय लटपटणं. यातली चिडचिड घरच्यांच्या लक्षात येत नाही, कारण ती वर्षभर चालू असते.

पण आपल्याकडे लोकांचा खरा जीव आहे तो मणक्यावर. कोणालाही गरगरलं की मानेचा एक्सरे निघतो. पन्नाशी उलटलेल्या कोणाच्याही मानेचा एक्सरे काढा, काहीतरी झिजलेलं दिसणारच. केस पांढरे होतात तसे मणके झिजतात. पण केस पांढरे झाले म्हणून चक्कर आली असं कोणी म्हणत नाही. मणक्याला मात्र ती सवलत नाही. “गॅप निघाला” हे वाक्य आपल्याकडे जमिनीचा निकाल लागल्यासारखं सांगतात. मग कॉलर येतो. आणि गंमत अशी की कॉलर घातल्यावर काहींना खरंच बरं वाटतं! त्याचं कारण बहुतेक वेळा मानेत नसतंच, कानात असतं.

कानाचा हा किस्सा आमच्या धुळ्याच्या मामांचा. मामा गच्चीवर योगासनं करतात आणि त्यानंतर शेजारच्या दोघा-तिघांना गीता समजावून सांगतात. धुळ्यात याला परंपरेचा आधार आहे. १९३२ साली विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. तेव्हापासून धुळ्याच्या सज्जन माणसाला स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर बोलण्याचा हक्क आहे असं मामा मानतात. त्या दिवशी शवासन संपलं, शिक्षकांनी सांगितल्याप्रमाणे मामा उजव्या कुशीवर वळले, आणि गच्ची फिरायला लागली. पाण्याची टाकी, वाळत घातलेल्या बिबड्या, शेजारच्यांचा अँटेना, सगळं एका दिशेने सरकत होतं. अर्ध्या मिनिटात सगळं जागेवर आलं. उठून बसले, पुन्हा फिरलं.

खाली येऊन मामीला म्हणाले, “घर फिरी राह्यनं.”

मामी चहा गाळत होती. तिने मान वर न करता सांगितलं, “घर कसं फिरी? डोकं फिरनं शे तुमनं. आनि ते काय आजनं शे का?”

आतल्या कानात गवंड्याच्या पाणसळीसारखी एक योजना असते. तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, आत द्रव. डोकं वळलं की द्रव सरकतो आणि मेंदूला कळतं की आपण वळलो. शेजारच्या एका पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक खडे असतात. ते उभं-आडवं, पुढं-मागं कळायला लागतात. वय झालं, डोक्याला मार लागला, किंवा काहीच कारण नसलं तरी त्यांतले काही सुटतात आणि नळीत शिरतात. मग विशिष्ट कुशीवर वळलं, मान वर करून माळ्यावरचा डबा काढला, सूर्यनमस्कारात वाकलं, की खडे घरंगळतात आणि मेंदूला खोटी बातमी जाते: घर फिरतंय. बातमी एक मिनिटाच्या आत विरते. कॉलर घातला की मान वळत नाही, खडे हलत नाहीत, आणि श्रेय मणक्याला मिळतं.

धुळ्यातल्या एका कान-नाक-घसा डॉक्टरांनी मामांचं डोकं एका बाजूला वळवून त्यांना झटकन मागे आडवं केलं आणि डोळ्यांकडे बघत राहिले. बुबुळं झटके देत फिरायला लागली. या तपासणीची पद्धत मार्गारेट डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ साली मांडली. बुबुळांवरून कानाचं भविष्य सांगण्याची ही विद्या मात्र त्याहून जुनी. व्हिएन्नाच्या रॉबर्ट बाराणीने ती घडवली. कान धुताना पाणी गार असलं की रोग्याला गरगरतं आणि पाणी गरम असलं की बुबुळं उलट दिशेने पळतात, एवढ्या निरीक्षणावरून त्याने सगळं शास्त्र उभं केलं. त्यासाठी त्याला १९१४ चं नोबेल मिळालं, पण बातमी पोहोचली तेव्हा तो पहिल्या महायुद्धात रशियनांचा कैदी होता. पारितोषिक जाहीर आणि विजेता कैदेत. मामांना हा भाग विशेष आवडला. कैदेत थोर कामं होतात हे धुळेकराला सांगावं लागत नाही.

उपाय तर त्याहून मजेचा. डोकं एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, मग कुशीवर, मग उठून बसायचं. काही मिनिटांत खडे नळीतून घरंगळत मूळ पिशवीकडे परततात. अमेरिकेतल्या जॉन एप्लीने ही युक्ती काढली. ना गोळी, ना चाकू, नुसतं डोकं फिरवून चक्कर जाते म्हटल्यावर त्याच्या व्यवसायबंधूंनी त्याला बरीच वर्षं खुळ्यात काढलं. १९९२ साली त्याचा लेख छापून आला, मग हळूहळू जगाने मान डोलावली. अर्थात, योग्य दिशेने.

घरी येऊन मामांनी कानात खडे सापडल्याचं सांगितलं. मामीचं माहेर जळगावचं. सराफ बाजाराच्या सावलीत वाढलेल्या बाईला कानातल्या खड्याचा एकच अर्थ माहीत. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “कानना खडा माले नही भेटना, तुमले फुकट भेटी गया!”

त्याच गच्चीवर दुसरे एक गृहस्थ कपालभाती करता करता लटपटतात. त्यांची समजूत अशी की कुंडलिनी जागी होते आहे. जोरजोरात श्वास बाहेर टाकत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आखडतात, डोकं हलकं होतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. कुंडलिनीच्या मुंग्यांत आणि या मुंग्यांत फरक कसा ओळखायचा हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, तुमची अजून तयारी नाही. तयारी नाही हे खरंच आहे. मी हळू श्वास घेतो आणि मला काही दिसत नाही.

आणखी एक प्रकार आहे, तो मात्र कोणी बोलून दाखवत नाही. फिरून आल्यावर माणूस बेसिनशी जातो, तोंडाला साबण लावतो, डोळे मिटतो आणि डाव्या हाताने बेसिनची कड घट्ट धरतो. बघून ठेवा. ज्याला कड धरावी लागते त्याच्या पायांकडून मेंदूकडे जाणाऱ्या बातम्या अर्धवट पोहोचत असतात. एरवी डोळे ती तूट भरून काढतात. डोळे मिटले की उघडं पडतं. बर्लिनच्या मोरिट्झ रॉम्बर्गने १८४६ च्या सुमारास याचीच तपासणी केली: पाय जुळवून उभं राहा आणि डोळे मिटा. आपल्याकडे यामागे बरेचदा बी-बारा या जीवनसत्त्वाची कमतरता निघते. शुद्ध शाकाहारी घर, वर दूधही बंद केलेलं, त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू. तिनेही बी-बारा कमी होतं. असा माणूस बेसिनच्या कडेला दोष देतो. नळ सैल आहे म्हणतो. आणि जळगावच्या रस्त्यांवर तोल गेला तर ते लक्षण मानायचं की रस्त्याचं वर्णन, हा प्रश्न उरतोच.

इथवर हसायला हरकत नाही. पण तळ्यावरच्या त्या आठ निदानांत मला एकाचाच राग येतो, तो गॅसचा. कारण कधीतरी तो झटका असतो. चालून थांबल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं वेगळं, आणि चालता-चालता, ऐन श्रमातच, काही न कळता कोसळणं वेगळं. तिथे हृदयाची झडप अरुंद झालेली असू शकते किंवा ठोक्यांची लय बिघडलेली. छातीत दडपण, धडधड, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं, यातलं काही असेल तर एक्सरेचा विचार सोडून हृदय तपासून घ्यायचं. तसंच, तोल जाताना जीभ जड झाली, एकाचे दोन दिसले, तोंड वाकडं झालं, हात पडला, कधी नव्हे असं डोकं दुखलं, किंवा आधाराशिवाय उभंच राहता येईना, तर ते मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचं दुखणं असू शकतं. रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्यातला एक तास ओव्यात, एक सोड्यात आणि एक ‘थोडं पडा, बरं वाटेल’ यात गेला, तर पुढचं कोणाच्या हातात नसतं.

आप्पांचं यातलं काही नव्हतं. आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, कमी बोलणारे, म्हणजे आप्पांच्या दृष्टीने नापासच. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: किती वेळ टिकलं, आणि त्याआधी काय करत होतात?

“किती वेळ म्हणजे, तसं पाहिलं तर माझी तब्येत...” आप्पांनी सुरुवात केली ती भाऊबंदकीच्या वाटणीपासून. काकू म्हणाल्या, पाच मिनिटं. धरणारे म्हणाले, तासभर वाटलं. घड्याळवाले म्हणाले, वीस सेकंद, आणि त्या एका बाबतीत त्यांचं घड्याळ उपयोगी पडलं.

डॉक्टरांनी आप्पांना पाच मिनिटं निजवलं, रक्तदाब घेतला. उभं केलं, एका मिनिटाने घेतला, तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घेतला. निजल्यावर वरचा आकडा १३८, उभं राहिल्यावर ११०. वीसपेक्षा जास्त उतार म्हणजे उभं राहिल्यावर दाब पडतो, एवढं ते म्हणाले. मग गोळ्यांचा डबा मागवला, एक गोळी रात्रीवर ढकलली, एकीची मात्रा कमी केली, सकाळी निघण्याआधी पाणी प्यायला सांगितलं, आणि म्हणाले, “शेवटची पाच मिनिटं हळूहळू चालत राहा. एकदम थांबू नका. वाद घालायचा असेल तर चालता चालता घाला.”

बाहेर येऊन आप्पा रिक्षात बसेपर्यंत बोलले नाहीत. मग फुटले. “हा काय डॉक्टर? एमआरआय नाही, रक्त नाही, साधा एक्सरे नाही. फी घेतली आणि होती ती गोळी कमी करून पाठवलं!”

दोन दिवसांनी आप्पांनी कोणालाही न सांगता स्वतःच्या पैशाने मानेचा एक्सरे काढून आणला. गॅप निघाला. आप्पांच्या चेहऱ्यावर किती तरी दिवसांनी समाधान दिसलं. आता ते रोज तो एक्सरे पिशवीत घालून तळ्यावर आणतात. फेरी संपली की एकाही टोळक्यात थांबत नाहीत. या झाडाखालून त्या बाकाकडे, त्या बाकाकडून हास्यक्लबाकडे, हळूहळू चालत, उजेडाकडे धरून प्रत्येकाला गॅप दाखवत फिरतात. यात सहज पाच-सात मिनिटं जातात. तेव्हापासून त्यांना एकदाही भोवळ आलेली नाही, आणि ज्याला त्याला ते सांगतात की मणक्याचं वेळेवर कळलं म्हणून वाचलो.